लंकाबाईनं गडावर जे सांगितलं

लंकाबाई भिंगारदिवे वारली तेव्हा पाळकसाहेबांनी प्रार्थनेत तिला 'साधी भोळी भगिनी' म्हटलं. साधी होती, कबूल. पण भोळी? अहो, माझ्यासारख्या ड्रिलमास्तरला चौदा माणसांदेखत गप्प करणारी बाई भोळी कशी असेल? साहेब नवीन आलेले, त्यांना काय ठाऊक! मी मागच्या बाकावर बसून नुसता चरफडलो. म्हणून आता सांगतो.

माझं नाव श्रीमंत. नगरला मिशनच्या शाळेत मी तीस वर्षं मुलांकडून कवायत करून घेतली. शिट्टी गळ्यात आणि राग नाकावर. लंकाबाई नेवाशाच्या पूर्वेकडच्या एका खेड्यातली, विधवा, चाळिशी ओलांडलेली. आमच्या ख्रिस्ती तरुण संघाचं शिबिर असलं की स्वयंपाकाला आम्ही तिलाच बोलवायचो. तिला अक्षरओळख नव्हती, पण रविवारी ऐकलेला शास्त्रपाठ पुढच्या रविवारपर्यंत तिच्या डोक्यात जसाच्या तसा असायचा, आणि उपदेश करणारा कुठं घसरला तेही. भाकरी थापता थापता माझी फिरकी घेणं हा तर तिचा हक्कच. "मास्तर, तुमी शिट्टी मारली की तव्यावरली भाकर बी ताठ हुती बगा!" मी चिडायचो आणि पोरं खिदळायची.

तर, तरुण संघाची दर ईस्टरला एक सहल निघे. शनिवारी हरिश्चंद्रगड चढायचा, गुहेत मुक्काम करायचा आणि रविवारी सूर्य उगवताना पुनरुत्थानाची उपासना. त्यात माझी एक टूम होती. पायथ्याला प्रत्येकानं एक दगड उचलायचा, त्यावर खडूनं आपलं दुःख लिहायचं, तो गडावर न्यायचा आणि उपासनेत क्रूसापाशी ठेवून मोकळ्या हातांनी खाली यायचं. दुःख प्रभूच्या पायाशी ठेवा आणि हलके व्हा, असा धडा. मी दरवर्षी माझ्या दगडावर 'राग' असं लिहीत असे. उतरताना अर्ध्या वाटेतच तो परत यायचा, तो भाग वेगळा. पण चर्चच्या मंडळीतल्या लोकांना ही टूम फार आवडायची, आणि कौतुक झालं की मी फुगायचो. अशी आठ वर्षं गेली.

नववं वर्ष त्र्याहत्तरचं. आदल्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. नेवाशाच्या पूर्वेकडं तर विहिरींचे तळ उघडे पडले होते आणि सारं गाव पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर होतं. खायला मिलोची, म्हणजे परदेशी लाल ज्वारीची, भाकरी आणि सरकारी सुकडी, आणि दिवसभर माती नाहीतर दगड वाहायचे. लंकाबाई त्याच कामावर होती, आणि तिची एकुलती एक मुलगी चांगुणाही. चांगुणा विशीतली, कडेवर सात महिन्यांचा मुलगा. नवरा ऊसतोडीला कोल्हारकडं गेलेला. कामावर आल्या की बाया लेकरांना बाभळीखाली झोळीत टाकायच्या आणि पाट्या उचलायच्या. फेब्रुवारीत त्या पोराला जुलाब-उलट्या लागल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी चांगुणा त्याला पाजायला आली, तर झोळीत पोर गार पडलेलं. तिथंच बाभळीजवळ त्याला पुरलं. तेव्हाचे पाळकसाहेब नगरला होते, दोन शब्द प्रार्थना करायलाही कोणी नव्हतं.

त्या दिवसापासून चांगुणा बोलायची थांबली. रडलीसुद्धा नाही. पाटी उचलायची, रिकामी करायची, घरी येऊन भिंतीला टेकून बसायची. रविवारच्या उपासनेला देवळाकडं तर फिरकली नाही. ईस्टरच्या आधी लंकाबाई माझ्या घरी आली, आणि त्या दिवशी तिनं माझी फिरकी घेतली नाही.

"मास्तर, तुमच्या डोंगरावर मन हलकं हुतं म्हनत्यात. पोरीला आनू का? अशीच ऱ्हायली तर ही बी हातची जाईल माझ्या."

मला वाईट वाटलंच. पण खरं सांगतो, आतून जरा बरंही वाटलं, की बघा, माझ्या टूमेचं नाव खेड्यापर्यंत पोचलं. म्हणालो, "आणा, आणा. माझ्या जबाबदारीवर आणा." कपाळ माझं!

राजूरपर्यंत एस.टी.नं गेलो, पुढं एका ट्रकनं, मग पायी. पाचनईच्या पायथ्याला मी खडू वाटले. चौदा जणांत चार-पाच पोरं दुष्काळी कामावर रोज खडी फोडणारी होती. मास्तर दगड उचलायला सांगतायत म्हटल्यावर त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. ते मला दिसलं, पण उमगलं नाही. लंकाबाईपुढं खडू धरला तर म्हणाली, "मला नगं. डोक्यावर पिठाचं गठुडं हाय तेवढं पुरं." चांगुणानंही खडू घेतला नाही. ती ओढ्याच्या कोरड्या पात्रात उतरली, बराच वेळ वाकून शोधत राहिली, आणि चांगला सहा-सात किलोचा गोल गोटा घेऊन वर आली.

"अगं, मुठीएवढा सांगितला होता!" मी म्हणालो.

तिनं लुगड्याच्या जुन्या फडक्यात तो गोटा बांधला आणि कडेवर घेतला. एवढं डोळ्यांदेखत होऊनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मला वाटलं, पोरगी हट्टी आहे.

कातळ तापला होता. ओढ्यात थेंब नव्हता. करवंदाच्या जाळ्या होत्या, पोरं तेवढ्यावर तोंड ओलं करत चालली होती. एका मुरमाड वळणावर चांगुणाचा पाय सटकला. डाव्या हाताला दरी होती. पडताना माणूस हात टेकतो. तिनं टेकले नाहीत. दोन्ही हात गोट्याभोवती आवळून धरले आणि ती कोपरावर आपटली. भीती वाटली की मला राग येतो, तसा तो आला. शिट्टी फुंकली आणि ओरडलो, "टाक तो दगड! जीव द्यायचाय का?"

लंकाबाईनं पदरानं पोरीचं रक्त पुसलं. "चला मास्तर," एवढंच म्हणाली. "ती चालती तशी चालू द्या."

संध्याकाळी गडावर पोचलो, टाक्यातलं गार पाणी पोटभर प्यालो आणि गुहेत आडवे झालो.

सकाळी गुहेसमोर दोन काठ्या बांधून क्रूस उभा केला. पूर्वेला तांबडं फुटलं तशी गायनं सुरू झाली. एकेक जण पुढं येऊन आपला दगड ठेवत होता. शेवटी चांगुणा राहिली. ती क्रूसापर्यंत आली आणि तशीच उभी राहिली.

"ठेव पोरी," मी म्हणालो. "प्रभू घ्यायला उभा आहे. ठेव आणि मोकळी हो."

ती हलली नाही. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वेळी माझा आवाज चढला. उपासना खोळंबली होती, सगळे बघत होते, आणि माझा धडा माझ्याच डोळ्यांसमोर फसत होता. मी पुढं झालो आणि सरळ गोट्याला हात घातला. चांगुणा ओरडलीही नाही. नुसती मागं सरली आणि तिनं तो छातीशी घट्ट धरला.

लंकाबाई चुलीपासून उठून आली. तिनं पीठ लागलेल्या हातानं माझा हात बाजूला केला.

"तिला ठेवायला सांगू नगा, मास्तर. एकदा ठेवलं हुतं तिनं. आन ठेव म्हननारी मीच हुते."

मग ती माझ्याशी बोलते आहे, की देवाशी, की पोरीशी, तेच कळेना.

"त्या दिशी सकाळी पोर लई तापलं हुतं. ही म्हनली, आई, मी आज न्हाई येत. मी म्हनले, गप चल, हजेरी बुडंल. ठेव त्याला झोळीत, काय हुत न्हाई. दोन म्हैने हे गिळून बसले मी. हिचं मन हलकं व्हावं म्हनून हिला हितं आनलं! हिचं कशाचं? माझंच जड झालंय. देवा, माज्या पोरीची चूक न्हाई. त्याला मी ठेवाय लावलं. मी."

आणि ती बाई, जिला मी कधी थकलेली पाहिली नव्हती, मटकन खाली बसली.

चांगुणा तिच्याजवळ जाऊन बसली. गोटा मांडीवर होता. दोन महिने न वापरलेला आवाज, तो नीट निघेना.

"आई, तू घरी ऱ्हा म्हनली असतीस तरी मी आले असते. पीठ कुठं हुतं आपल्या घरात?"

मग ती रडली. आईच्या गळ्यात पडून मोठमोठ्यानं रडली. खडी फोडणारी पोरं दुसरीकडं तोंड करून उभी राहिली. मला माझी लाज वाटली, आणि माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं. आठ वर्षं मी लोकांना सांगत होतो की दुःख नेऊन ठेवून द्यायचं असतं. ज्याच्या नावानं सांगत होतो तो स्वतः काही डोंगरावर ओझं ठेवून हलका होऊन उतरला नव्हता, एवढी साधी गोष्ट मला कधी सुचली नाही.

थोड्या वेळानं लंकाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"मास्तर, प्रभूचा क्रूस बी वाटंवरच्या एका मानसानं उचलला हुता न्हवं? त्यो शिमोन?"

"हो," मी म्हणालो.

"त्याला शिपायांनी धरून आनलं हुतं. तुमाला बी कुनी धरून आनाय पायजे का?"

मी पुढं होऊन गुडघ्यांवर बसलो आणि दोन्ही हात पसरले. या वेळी हिसकावायला नव्हे. चांगुणानं माझ्याकडं नीट पाहिलं, आणि मग फडक्यासकट गोटा माझ्या हातांवर दिला. मी तो कडेवर घेतला. तीन पोरांचा बाप मी, कडेवर घ्यायची सवय होती, आणि म्हणूनच त्याचं वजन मला कळलं. उतरताना माझ्याकडून तो दुसऱ्यानं घेतला, त्याच्याकडून तिसऱ्यानं. खडी फोडणाऱ्या पोरांनी तर पाळी सोडली नाही. चांगुणा मधेच हात पुढं करायची, थोडं अंतर न्यायची, आणि परत कोणाला तरी द्यायची.

एस.टी.त कंडक्टर खेकसला, "दगड कशाला भरताय गाडीत?" लंकाबाई शांतपणे म्हणाली, "एवढ्याला तिकीट न्हाई लागत, साहेब." त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि पुढं गेला.

सोमवारी आम्ही चौदाच्या चौदा जण तलावाच्या कामावर गेलो. बाभळीजवळ मातीचा एक छोटा उंचवटा होता, खूण काही नव्हती. मायलेकींनी मिळून गोटा त्याच्या उशाशी ठेवला. मी प्रार्थना सुरू केली आणि नावाशी अडलो. पोराचा बाप्तिस्मा त्याच ईस्टरला व्हायचा होता, त्यामुळं त्याचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. मी चांगुणाकडं पाहिलं.

"शमुवेल," ती म्हणाली. "मनातल्या मनात ठेवलं हुतं मी."

लंकाबाईनं ते नाव मोठ्यानं म्हटलं, बांधापर्यंत ऐकू जाईल असं. कामावरच्या बायांनी वळून पाहिलं. पाटलाची सून राहीबाई, झुंबरबाई, केशरबाई, आमच्या मंडळीतल्या आणि गावातल्या, सगळ्यांनी एकामागून एक पाट्या खाली ठेवल्या आणि त्या बाभळीकडं चालत आल्या. मुकादम बांधावरून ओरडला, हजेरी कापीन म्हणाला. चांगुणा उठेपर्यंत एकही बाई परत गेली नाही.