गिटारवर नाव घालायचं नाही

भिंतीवरची गिटार खाली काढता काढता दुकानदाराने विचारलं, "मुलाला का हो, बाई?"

मी म्हटलं, मला.

त्याने वळून माझ्या पांढऱ्या होत आलेल्या केसांकडे आणि खांद्यावरच्या कापडी पिशवीकडे पाहिलं. मग फडक्याने गिटारवरची धूळ पुसली. रत्नागिरीत वाद्यांचं दुकान म्हणजे मुख्यतः पेट्या, तबले, ढोलक्या आणि भजनी मंडळांचे टाळ. इलेक्ट्रिक गिटार त्याच्याकडे दोनच होत्या. एक खोक्यातली, नवीकोरी, सोबत लहानसा ॲम्प, वायर, पट्टा, सगळं एकत्र. दुसरी ही, गडद लाल, तारांवर गंज चढलेली. आमच्याकडची खारी हवा तारेला वर्षभरही टिकू देत नाही, आणि ही दोन वर्षं टांगलेली होती.

नवरा जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. मिरजोळ्याच्या एका कारखान्यात सकाळच्या पाळीत मशीनसमोर उभा असताना तो कोसळला. मी शाळेत मराठी शिकवते. तो आमच्या वाडीच्या गायन मंडळात बेंजो वाजवायचा. आमच्याकडचा बेंजो म्हणजे टाइपरायटरसारख्या कळांचा, विजेवर वाजणारा. घरात आमची वाटणी ठरलेली होती. तो वाजवायचा, मी वाचायची. कॉलेजात असल्यापासून मला गिटार शिकायची होती, हे त्याला ठाऊक होतं. "तू वाच गो, वाजवायला मी आहे ना," असं तो हसत म्हणायचा. त्यात दुष्टपणा नव्हता. पण ती वाटणी कधी बदलावी असं त्याला वाटलं नाही, आणि मीही वीस वर्षं त्यावर बोलले नाही.

बेंजो मंडळाचा होता. त्याचा जलदान विधी झाल्यावर पंधरा दिवसांनी मंडळवाले मला विचारून, रीतसर, तो घेऊन गेले. मागे राहिली त्याची स्वतःची एक वायर, दोन ठिकाणी काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. त्यानंतर घरात पानं उलटण्याचा तेवढा आवाज उरला. मला तो पुरेना.

आमच्या माणसांनी धम्म घेतला तेव्हा सुतक, तेरावं, पिंड सगळं सोडलं. पण मयताच्या घरात वर्षभर वाजप होऊ द्यायचं नाही, ही रीत कुठून तरी मागच्या दाराने परत आली आणि येऊन पडवीत बसली. तिला उठवायचं कोणाच्या मनात येत नव्हतं. माझ्याही आलं नसतं, गिटारचा विचार डोक्यात शिरला नसता तर.

दुकानात जाण्यापूर्वी मी तीन आठवडे वाचत होते. मला वाचूनच सगळं करता येतं. वहीत लिहून काढलं होतं काय बघायचं ते. दांडी सरळ आहे का, तिच्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची टोकं हाताला लागतात का, खुंट्या घट्ट आहेत का. पैसे एका पगारातून उरतील तेवढेच खर्चायचे होते. मी खोक्यातली गिटार हातात घेतली, एक डोळा मिटून, सुतार फळीची धार बघतो तशी तिच्या दांडीवरून नजर नेली. दांडी मध्ये किंचित वाकलेली होती. कडेवरून तळहात फिरवला तर पट्ट्या बोचल्या. लाल गिटारची दांडी सरळ होती आणि कड गुळगुळीत.

"मॅडम, तिच्या तारा गेल्यात," दुकानदार म्हणाला. बाईची मी आता मॅडम झाले होते.

"तारा बदलता येतात. दांडी वाकडी निघाली तर काय बदलायचं?"

त्यावर तो पहिल्यांदा हसला आणि नव्या तारा स्वतः चढवून दिल्या. पण सगळे पैसे त्या गिटारमध्ये गेले. ॲम्पसाठी काही उरलं नाही. मला त्याची काळजी वाटली नाही, कारण मंडळाचा ॲम्प होताच. आमच्या वाडीत माईकपासून बेंजोपर्यंत सगळं त्या एकाच लोखंडी पेटीत जातं आणि दोन उभ्या स्पीकरांतून बाहेर येतं. गिटारला तिचा वेगळा ॲम्प लागतो, हे माझ्या वहीत दुसऱ्याच पानावर लिहिलेलं होतं. तरीही डोळ्यांसमोर ती पेटीच आली. वाचलेल्यापेक्षा वाडीची सवय मुरलेली निघाली.

मंडळाचा ढोलकीवाला नवऱ्याचा जिवलग. त्याने विहाराचं दार उघडलं, पेटी लावली. मी म्हटलं, वहीत तर वेगळं लिहिलंय. तो म्हणाला, "बेंजोला चालतो, मग गिटारला काय धाड भरलीय, वहिनी?"

मी तार छेडली. आवाज आला, पण कोणी पाण्याखालून हाक मारावी तसा, बोदा आणि लांबचा. बटणं फिरवली, तेव्हा नुसती घरघर वाढली. त्याने ढोलकीवर थाप मारावी तशी पेटीवर थाप मारली, वायर काढून पुन्हा खोचली. शेवटी म्हणाला, "हिला सर्दी झालीय. तीन आठवडे पुस्तकं वाचून हीच का आणलीत?"

मला हसू आलं. मयतानंतर कोणी माझी थट्टा केली, ती तेव्हा पहिल्यांदा.

पुढच्या महिन्यात पुन्हा दुकान. परवडतील असे ॲम्प दोन होते. एकात चाळीस तऱ्हेचे आवाज, मोबाइल जोडायची सोय, दिवे, आणि स्पीकर मात्र बशीएवढा. दुसऱ्याला चार बटणं आणि ताटलीएवढा स्पीकर. मी दुसरा घेतला. ज्याला बोलायचं आहे त्याला छाती हवी, आवाजांच्या चाळीस नकला घेऊन काय करायचं? दुकानदाराने वर हेडफोन फुकट दिले. "हे लावलंत की घरात कोणाला कळणारसुद्धा नाही," तो म्हणाला. माझ्यावर उपकार करतोय अशाच सुरात म्हणाला.

आणि मी ते लावले. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लावले. शाळेतून आल्यावर पडवीत बसायची, कान झाकायची आणि वाजवायची. कानात केवढा तरी मोठा आवाज, आणि बाहेर तारांची नुसती टिकटिक. सासूबाई समोर सुपात तांदूळ निवडत असायच्या. त्या माझ्या बोटांकडे बघायच्या, काही म्हणायच्या नाहीत. त्यांना हे पसंत नाही, असा त्या गप्प राहण्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावून टाकला होता.

वर्षाच्या कार्यक्रमाआधी चार दिवस मोठे दीर मुंबईहून आले. माणूस वाईट नाही. नवऱ्याच्या मागे घराचं सगळं त्यांनीच निस्तरलं. पडवीत ॲम्प बघून ते बराच वेळ उभे राहिले. वाडीत काय बोलतात ते त्यांच्या कानावर मुंबईतच गेलं होतं. वर्ष व्हायचं आहे, शिकलेल्या बाईने तरी असं करू नये, वगैरे. मग त्यांनी, मला सोडवायचं म्हणूनच, एक वाट काढली.

"असं करू. ह्यावर त्याचं नाव घालू. कालकथित अमुक यांच्या स्मरणार्थ. गिटार, ॲम्प दोन्ही मंडळाला देऊ. मग तू खुशाल बसून वाजव. कोण काय बोलणार नाही."

वाट सोपी होती. आमच्या विहारातले पंखे, पातेली, पाण्याची टाकी, सगळ्यांवर कोणा ना कोणाचं नाव आहे. सासऱ्यांच्या नावाच्या पंख्याखाली बसून मी कित्येक वंदना म्हटल्या आहेत. ती रीत मला आवडते. आणि ही आठवण म्हणून घेतली, एवढं मी म्हटलं असतं तर वाडी डोळे पुसत मला ऐकायला बसली असती. पण ते खोटं झालं असतं. तो असता तर ही गिटार घरात आलीच नसती. हे मला कितीही दुखलं तरी खरं होतं.

मला ह्या दोघा भावांचे आजोबा आठवले. मी त्यांना पाहिलेलं नाही, नवऱ्याकडून ऐकलेलं. ते खालूबाजात, आमच्याकडच्या ढोल-सनईच्या ताफ्यात, सनई वाजवत. गावाचं कार्य असलं की बोलावणं यायचं आणि वरच्या जातींच्या दाराबाहेर उभं राहून वाजवायचं. धम्म घेतला त्या वर्षी त्यांनी निरोप्याला परत पाठवलं. सनई मात्र टाकली नाही. स्वतःच्या अंगणात बसून म्हातारपणापर्यंत वाजवली.

"भाऊजी," मी म्हटलं, "आजोबांनी दुसऱ्याच्या हुकमाने वाजवणं सोडलं. दुसऱ्याच्या हुकमाने गप्प बसा असं सांगितलं नव्हतं. नाव घालायचं नाही. ती आठवण नाही, माझी गिटार आहे."

त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "आईचा मुलगा गेलाय. तिला विचारलंस?"

नव्हतं विचारलं. चार दिवस मी गिटारला हात लावला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी वंदना झाली, चार माणसं बोलली, जेवणं झाली. दुपारी मांडवात घरचीच पंधरावीस माणसं उरली. मी आत गेले, ॲम्प उचलून पडवीत आणला. वायर नवऱ्याची लावली, चिकटपट्टीवाली. ती चांगली होती म्हणून लावली. हेडफोन खोक्यातच ठेवले. मांडवातली बोलणी थांबली. दीर सासूबाईंकडे बघत होते. मीही त्यांच्याकडेच बघत होते, आणि त्या नाही म्हणाल्या तर काय करायचं ते मी ठरवलं होतं. एकदा पुरतं वाजवायचं, मग ऐकून घ्यायचं.

मी वाजवलं. आवाज पडवीच्या कौलांना लागून अंगणात गेला. चौथ्या स्वराला बोट घसरलं, तारेने कर्कश ओरडावं तसं झालं. मी थांबले.

सासूबाईंनी पदर सावरला. "एवढं दिस नुसती बोटा हलवतंस," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, बिघडलेली आणलीस की काय. वाजते तर."

"आई, वर्ष आहे आज," दीर हळूच म्हणाले.

"ठाऊक हाय मला. माझाच होता तो." मग माझ्याकडे वळून, "ता चुकलंस. परत वाजव."

मी आवाजाचं बटण होतं त्याहून थोडं पुढे नेलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. त्याच जागी पुन्हा चुकले. ह्या खेपेला थांबले नाही.