भोंगा वाजला आणि मामा ‘मेले’

यंदा सुट्टीत मैत्रिणी लडाखला गेल्या, मी एकलहऱ्याला. हसू नका. कुठल्याशा युद्धात वीजकेंद्र उडवलेलं टीव्हीवर पाहिलं आणि तडक बॅग काढली. आमचे मामा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले, तरी तिथल्या धुराच्या चिमण्यांशेजारचं घर सोडत नाहीत. एकटेच राहतात. त्यांना उचलून गंगापूर रोडला आमच्या घरी आणायचं, एवढाच प्रवासाचा हेतू.

नाशिकरोडहून शेअर रिक्षा मिळते. सुट्टे ठेवा, मिसळ आधीच खाऊन घ्या आणि राखेच्या गाड्या दिसल्या की ओढणी नाकाला लावा.

पोचले तर तिथे नेमकी युद्धाची रंगीत तालीम! भोंगा वाजला की घरात लपायचं, असं स्पीकरवरून सांगत होते. भोंगा वाजला, आणि अख्खी आळी बाहेर! इथे जन्मभर भोंगा म्हणजे कामाची पाळी सुटली. मामा तर पिशवी घेऊन भाजीला निघाले.

जॅकेटवाल्या स्वयंसेवकाने शिट्टी फुंकली. “बाबा, तुम्ही मेलात! इथे बसा.”

“कुणी मारलं?”

“शत्रूनं.”

“का म्हणून? मी रिटायर हाय.”

बिचारा माझ्याकडे बघायला लागला.

“साध्या माणसाला मारायचं नाय, असा नियम हाय ना?” मामांनी मला विचारलं.

“आहे की. पण शत्रू वीज मारायला येतो मामा, तुम्ही आपले तिच्या शेजारी राहता.”

“तुझा पंखा आमच्याच विजेवर फिरतो ना? मग तूबी शेजारीच की!”

मेलेल्या मामांनी स्वतः चहा टाकला, मस्त आलं घालून. मी त्यांचे कपडे बॅगेत भरत होते, ते एकेक काढून परत कपाटात ठेवत होते. शेवटी मला रडू आलं.

“आणि खरंच काही झालं तर? मला कळणार कसं?”

“तुमच्याकडची लाईट जाईल. तवा समज.”

रिकाम्या हाताने परतले. घरात पाऊल टाकलं, दिवा लावला आणि लाईट गेली. मामांना फोन लावला. रिंग वाजतेय, वाजतेय, उचलतच नाहीत! शेवटी एकदाचा उचलला.

“काय गं? देवापुढं बसलो हुतो.”

“मामा, लाईट गेली!”

“आमच्याकडं हाय. तुमचा फ्यूज बघ.”

फ्यूजच होता, मेला. मैत्रिणींनी लडाखहून शाली आणल्या. मी काय आणलं म्हणाल, तर लाईट गेली की आमच्या घरात आता मेणबत्ती कोणी शोधत नाही. अंधारातच आधी मामांना फोन लावतो.