पहिल्या ओवशाचं मागणं

एसटी धाटावच्या कारखान्यांपाशी पोचली की केमिकलच्या वासाने लोक नाकाला रुमाल लावतात. मी लावत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी ह्यांच्या शर्टाला तोच वास यायचा. मी तेव्हा एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि त्या वासातच वाचत बसायचे.

गणपती आले, आणि संध्याकाळी घरी येणाऱ्या शर्टांना नुसता साबणाचा वास येऊ लागला. हे मात्र रोज डबा घेऊन शिफ्टला निघत होते.

गौरीपूजनाला माझा पहिला ओवसा होता. फळापानांनी भरलेलं सूप गौरीपुढे ओवाळून मी ह्यांच्यासमोर धरलं. हे डब्याची पिशवी घेऊन निघायच्या तयारीत उभे. घर बायकांनी भरलेलं.

सासूबाई म्हणाल्या, "पहिला ओवसा हाय गो. माग त्याच्याकडं काय हवं ते."

मी म्हटलं, "आज घरीच राहा."

"राहतो," हे लगेच म्हणाले. रजेचं नाव नाही की साहेबाचं नाही. पिशवी त्यांनी खुंटीला अडकवली.

"नव्या सुनेनं शिफ्ट बुडवली," म्हणून बायका हसल्या.

कंपनीने ह्यांना काढलंय, हे मला त्या क्षणी नक्की कळलं. आता वाटतं, मी ह्यांना सांभाळून घेतलं असेल. तेव्हा तसं काहीच वाटलं नव्हतं. वाईटसुद्धा नाही. सुपातली काकडी कडेला घसरत होती, ती मी मधे सारली आणि सासूबाईंपुढे वाकले.