गॅलरीतला सागवानी झोपाळा

कमिशन मी घेतलं. रोख नाही घेतलं, आणि या एका फरकावर मी स्वतःची बरीच समजूत काढली.

रत्नागिरीत मी घरांच्या इंटिरिअरची कामं घेतो. हे काम एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या नव्या फ्लॅटचं. सगळा खर्च त्यांच्या निवृत्तीच्या पैशातून. माझा करारनामा सहसा कुणी वाचत नाही. बाईंनी तो वर्गात धडा वाचावा तसा मोठ्यानं वाचला आणि सातव्या कलमावर थांबल्या.

"'डिझायनर कोणत्याही दुकानदाराकडून कमिशन घेणार नाही.' छान आहे हो. कुठून उतरवलंत?"

"स्वतः लिहिलंय," मी म्हटलं. तेवढं खरं होतं.

बाईंना गॅलरीत झोपाळा हवा होता. बजेटमध्ये बसत नाही म्हणून मीच तो यादीतून खोडला. "बरं, राहू दे," त्या म्हणाल्या आणि गॅलरीकडे एकदा बघून घेतलं.

पुढच्याच आठवड्यात चिपळूणच्या प्लायवूडवाल्यानं चहा पुढे सरकवत विचारलं, "साहेब, तुमचं काय ठेवू?"

"पैसे नकोत," मी बाणेदारपणे सांगितलं. सांगताना नजर मात्र त्याच्या दुकानातल्या सागवानी झोपाळ्यावर होती. त्याला ती बरोबर समजली. बिलात प्लायचा दर जरा वर चढला. मी बिल पाहिलं आणि चष्मा पुसत बसलो.

झोपाळा माझ्या घरी यायचा होता. टेम्पोवाल्याला पत्ता एकच ठाऊक, साहेबांच्या साइटचा. त्यानं प्लायबरोबर झोपाळाही तिथंच उतरवला. मी पोचलो तेव्हा सुतारानं तो गॅलरीतल्या कड्यांना अडकवलाही होता आणि बाई त्यावर बसून पायानं झोका घेत होत्या.

"अहो, काय हे! बजेटमध्ये नाही म्हणालात आणि स्वतःच्या खिशातून आणलात?"

मी वरच्या कड्या पक्क्या आहेत का ते बघू लागलो. चोरी सोपी होती, हे गप्प बसणं जड गेलं.

घरी बायको म्हणाली, "मी झोपाळ्यासाठी कुंड्या हलवून जागा करून बसल्ये. टेम्पो हर्ण्याला वळसा घालून येतोय की काय?"

वास्तुशांतीला बाईंनी मला त्याच झोपाळ्यावर बसवलं. खांद्यावर शाल, हातात नारळ. मग पाहुण्यांसमोर सातवं कलम वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "कमिशन नाहीच, वर यांनी पदरचा झोपाळा दिला!" टाळ्या पडल्या. बायकोनं झोपाळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. टाळी वाजवली नाही.

"या माझ्या मैत्रीण," बाई शेजारच्या वृद्ध बाईंना पुढे करत म्हणाल्या. "यांचाही फ्लॅट तुम्हीच करा. मी सांगितलंय, बिलं तपासायची गरज नाही."

त्या बाईंनी करारावर सही करायला पर्समधून पेन काढलं. मी ताडकन उभा राहिलो. झोपाळ्याची फळी मागून पोटऱ्यांवर आदळली आणि मी पुन्हा बसलो. बोलायचं ते बसूनच बोललो, नारळ घट्ट धरून.

"बाई, हा झोपाळा तुमच्याच पैशांचा आहे. प्लायच्या बिलात दर वाढवला, तो यासाठी. मी हा माझ्या घरी नेणार होतो, टेम्पोवाला चुकला म्हणून तुम्हाला मिळाला. सातवं कलम मी मोडलं. वाढीव रक्कम माझ्या फीतून कापा, झोपाळा इथंच राहू दे. आणि तुमच्याकडून इतके दिवस आभार घेत राहिलो, त्याबद्दल मला माफ करा."