तळाची कॅन

माझी बायको म्हणते, हा माणूस बसलेला असतो तेव्हाही उभाच असतो. खरं आहे. लातूर भागातल्या मोबाइल टॉवरच्या जनरेटरांना डिझेल पोचवायचं माझं काम आहे, आणि या कामाला माझ्यासारखाच माणूस लागतो, टाकी अर्धी झाली की जो कॅन घेऊन निघतो. गाडीत कायम चार कॅन भरलेल्या असतात. प्रत्येक कॅन चढवण्याआधी मी झाकण उघडून वास घेतो, मग उजेडात तिरकी धरून तळ बघतो. आमचा ड्रायव्हर विचारतो, साहेब, अत्तर आहे का? मी हसतो, पण तळ बघितल्याशिवाय गाडी सोडत नाही.

ही खोड मला जिथं लागली ते आमचं गाव नांदेडच्या वरच्या अंगाला, गोदावरीवरच्या धरणाच्या फुगवट्यावर. गाव अलीकडे आणि नांदेडचा डांबरी रस्ता पलीकडे. उन्हाळ्यात ओढ्यावरच्या पुलावरून वळसा घालून जाता यायचं, पावसाळ्यात तो पूल पाण्याखाली जायचा. मग सगळं गाव आमच्या नावेत. नाव माझे वडील, म्हणजे अप्पा, चालवायचे. लोखंडी पत्र्याची नाव, तिच्यावर शेतात पाणी ओढायचं जुनं डिझेल इंजिन बसवलेलं आणि मागे पाण्यात पंखा. दुधाच्या किटल्या, मोटारसायकली, आजारी माणसं, सासरी निघालेल्या पोरी, सगळ्यांना ती एकाच फटफटाटात पलीकडे न्यायची.

पंप लांब, म्हणून डिझेल घरी साठवावं लागे. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत पाच पांढऱ्या कॅन असायच्या, सगळ्या सारख्या. कॅनमधून इंजिनाच्या टाकीत डिझेल घ्यायला, गवंडी लेव्हल बघायला वापरतात तसली पारदर्शक नळी होती. एक टोक कॅनमध्ये, दुसरं तोंडात. ओढायचं, आणि नळीत पिवळी रेघ चढत आली की झटकन तोंड काढून ते टोक टाकीत सोडायचं. अप्पांच्या जिभेला कधी डिझेल लागलं नाही. मी मात्र आठवड्यातून एकदा तरी तोंडभर प्यायचो आणि मग दिवसभर गूळ खात हिंडायचो. मला त्या रेघेची वाट बघवायची नाही, मी जोरातच ओढायचो.

अप्पांचे नियम दोनच होते. टाकी भरायची ती नाव काठाला असताना, चालत्या फेरीत नाही. आणि कॅनच्या तळाचं शेवटचं तांब्याभर डिझेल टाकीत घालायचं नाही, कारण पाणी आणि गाळ तळाशी बसतो.

पण ते तांब्याभर फेकायचं कसं? आमच्या घरात भाकरीचा चतकोरही फेकला जात नसे. माय सगळ्या कॅनचे तळ एकाच कॅनमध्ये ओतून ठेवायची आणि पावसाळ्यात ओली लाकडं पेटवायला वापरायची. ती तळाची कॅन. दिसायला बाकीच्यांसारखीच, म्हणून तिच्या मुठीला मायनं आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी बांधली होती. चिंधी दिसली की ती मायची, तिला हात लावायचा नाही, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि अप्पांच्या हाताखाली नाव चालवायला लागलो होतो. त्या वर्षी ऐन पावसाळ्यात टाकीपासून इंजिनाकडे येणाऱ्या पाइपच्या सांध्यातून डिझेल ठिबकायला लागलं. त्यावर सगळ्यांचा एकच इलाज, साबणाचा ओला तुकडा सांध्यावर दाबायचा आणि वरून चिंधी आवळायची. मी चिंधी आणायला घरी आलो. पाच पावलं आत गेलो असतो तर मायचं चिंध्यांचं गाठोडं खुंटीलाच होतं. पण काठावर माणसं खोळंबली होती आणि समोर कॅनच्या मुठीला चिंधी दिसत होती. मी ती सोडली आणि पळालो. संध्याकाळी दुसरी बांधू, असं म्हणालोही होतो मनात. ती संध्याकाळ कुठं गेली कुणास ठाऊक.

त्यानंतर आठेक दिवसांनी माझ्या धाकट्या बहिणीला रुजू व्हायचं होतं. नर्सिंग करून तिनं सरकारी परीक्षा दिली होती, आणि शिरूर अनंतपाळकडच्या एका आरोग्य केंद्रात तिची नेमणूक झाली होती. आमच्या दोन्हीकडच्या खानदानात ती पहिली सरकारी नोकरी. आदेशात स्वच्छ लिहिलं होतं, अमुक तारखेपर्यंत हजर न झाल्यास नेमणूक रद्द. कागद गोळा करता करता, शेवटचा दाखला हातात यायला आदल्या दिवसाची संध्याकाळ झाली. म्हणजे तिला जायचं होतं ते शेवटच्या दिवशी. नांदेडहून नऊची लातूर गाडी धरली तर दोनच्या आत शिरूरला पोचता येणार होतं. अप्पा नेमके हदगावला सोयऱ्यांकडे गेलेले. नाव माझ्या हातात.

सकाळी तिनं मेणबत्ती लावून वंदना म्हटली, मायनं तिच्या तोंडात साखर घातली, आणि मी दारात उभा राहून ‘चल की, चल की’ करत होतो. टाकीत डिझेल थोडंच होतं. भरत बसलो तर दहा मिनिटं जाणार. मी खोलीतून हाताला लागली ती कॅन उचलली, मोटारसायकलच्या मागे बांधली आणि खड्ड्याखड्ड्यातून हिंदकळत काठावर नेली. मध्ये लागलं तर घालू, म्हटलं.

मधोमधच लागलं. इंजिन ठसकलं, मी ते बंद केलं आणि नळी कॅनमध्ये सोडून जोरात ओढली. तोंडात आलं ते डिझेल कमी आणि चिखल जास्त होता. तिथंच माझी ट्यूब पेटायला हवी होती. मी थुंकलो आणि टाकी भरली. हँडल मारलं, इंजिन दोन मिनिटं चाललं, मग पांढरा धूर सोडून गप्प झालं. मी कॅन हलवून आत बघितलं. गढूळ पाणी, वर डिझेलचा तवंग. ही मायची कॅन, हे मला कळलं. मुठीला चिंधी का नाही, तेही कळलं.

बहीण मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीतली फाइल घेऊन बसली होती.

“काय झालं रे भाऊ?”

“काय न्हाई. हवा धरली असंल.”

मी हँडल मारत राहिलो. वीस वेळा, तीस वेळा, हाताला फोड येईपर्यंत. बांबू टाकून बघितला, तो तळाला लागेना. वल्हं एकच, त्यानं ती लोखंडाची नाव नुसती गोल फिरायला लागली. शेवटी दोराला बांधलेला दगड पाण्यात सोडला, म्हणजे वाहत तरी जाणार नाही. मग अप्पांना फोन लावला. खरं काय ते सांगायची हिंमत झाली नाही, फक्त डिझेलमध्ये पाणी आलंय म्हणालो.

अप्पा ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, “दगड सोडला का?”

“हाव.”

“मंग बस आता. पाणी खाली बसू दे टाकीत. अर्धा घंटा. मंग खालचा नट ढिला कर, पाणी सोड, निर्मळ डिझेल आलं की बंद कर. हवा काढ आन् हँडल मार. नाव हालू देऊ नको.”

अर्धा तास! पलीकडचा रस्ता डोळ्यांना दिसत होता, त्यावरून जीप जाताना दिसत होत्या, आणि मला सांगितलं होतं बस. मी उठून टाकीत डोकावलो. बसलो. परत उठलो, पाना हातात घेतला, नटाला लावला, काढला. दर वेळी नाव डुलत होती आणि टाकीत डुबुक डुबुक आवाज येत होता. एका चिंधीपायी बहिणीची नोकरी जाते की काय, एवढाच विचार.

“भाऊ, बस खाली,” ती म्हणाली. “तू उठला की पाणी ढवळून राहिलंय.”

“तुझी गाडी चुकंल ना!”

“ती चुकली. आता दुसरी चुकू देऊ नको. बस.”

तिनं माझं मनगट धरून मला शेजारी बसवलं आणि सोडलंच नाही. मी आयुष्यात तेवढा वेळ हललो नाही तो तेव्हाच. पाण्यावर ऊन चढत होतं. फाइलवर दोन माश्या बसल्या, तिनं त्याही हाकलल्या नाहीत. बसल्या बसल्या तिची नजर इंजिनावर गेली आणि पाइपच्या सांध्याशी थांबली. तेलकट, काळपट, पण हिरवा रंग ओळखू येत होता.

“ही मायच्या लुगड्याची हाय ना?”

“हाव.”

ती पुढे काही बोलली नाही. मनगटही सोडलं नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

अर्ध्या तासानं मी नट ढिला केला. डब्यात आधी पाणी आलं, मग गढूळ, मग पिवळं. टाकीत राहिलं ते जेमतेम लोटाभर. हवा काढली, हँडल मारलं, चौथ्या झटक्याला इंजिन फटफटलं. काठापासून शंभरेक हातांवर ते पुन्हा बंद पडलं, पण तिथं बांबू तळाला लागला. ती उडी मारून चिखलातून वर चढली आणि पहिल्या काळी-पिवळी जीपमध्ये बसली. चपला हातात, फाइल डोक्यावर.

तो दिवस मी काठावर येरझाऱ्या घालून काढला. एका ट्रॅक्टरवाल्याकडून डिझेल घेऊन माणसांची ने-आण केली, पण कुणाशी काय बोललो ते आठवत नाही. पाच वाजायला आले तेव्हा फोन आला. “झाले रुजू,” एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडलो. पुढं कधीतरी तिनं मला तिचा रुजू अहवाल दाखवला. तारखेपुढे लिहिलं होतं, मध्यान्होत्तर. तिच्याबरोबरच्या सगळ्या सकाळीच हजर झाल्या होत्या. हसत दाखवला तिनं, पण मला तो शब्द नीट बघवला नाही.

संध्याकाळी अप्पा हदगावहून आले ते तडक खोलीत गेले आणि मी परत आणून ठेवलेली ती मोकळ्या मुठीची कॅन घेऊन ओसरीवर आले. “चिंधी कुठं गेली हिची? पोरीची नोकरी गेली असती आज!” त्यांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी तोंड उघडणार तोच माय चुलीपाशी बसल्या जागेवरून म्हणाली, “मीच बांधायची ऱ्हायले.”

अप्पांनी कॅन खाली ठेवली आणि हात धुवायला गेले. मी तोंड मिटलं. सव्वीस वर्षांचा घोडा, आणि आईच्या पदराआड लपलो.

आता तिथं उंच पूल झालाय. नाव भंगारात गेली. अप्पाही गेले. माय माझ्याजवळ लातूरला असते. आणि ती चिंध्या बांधते. तुरीच्या डब्याला, खोबरेल तेलाच्या बाटलीला, औषधांच्या पिशवीला, माझ्या जेवणाच्या डब्याला, आणि प्रत्येक ठिकाणी दोन-दोन. बायको म्हणाली, सासूबाईंचा विसराळूपणा वाढलाय, डॉक्टरांना दाखवू या. मला वाटलं, हे मी केलंय. त्या दिवशी मी गप्प बसलो आणि मायला वाटलं आपण विसरतो, आपला भरवसा नाही, आणि तेव्हापासून ती एकाला दोन गाठी मारत बसली आहे.

परवा रविवारी ती ओसरीत बसून माझ्या गाडीतल्या कॅनला चिंधी बांधत होती. मला राहवलं नाही. समोर बसलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. चिंधी मीच सोडली होती माय, सांध्याला गुंडाळायला. तू विसरली नव्हतीस.

तिनं गाठ मारायची थांबवली नाही.

“म्हाईत हाय की. सोडताना बगितलं व्हतं मी तुला. म्हनलं दुसरी बांधावी, आन् माझ्याच्यानं ऱ्हायलं ते. खोटं थोडंच बोलले मी?”

“मग आता हे दोन-दोन कशाला बांधतीस? आम्हाला वाटलं तू विसरायला लागलीस.”

तिनं दुसरी चिंधी दाताखाली धरून फाडली आणि पहिलीच्या शेजारी आवळली.

“तू घाईत एक सोडून नेशील,” ती म्हणाली. “मंग एक तरी ऱ्हाती.”