घोटलेला पाठ

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी बूड टेकेल तर शपथ. वहिनी म्हणायची, हिला वर्गावर उभी केली तर पोरांच्या माना दुखतील. तरी भिंगरी शिक्षिका व्हायला निघाली आणि शेवटच्या वर्षी दुसरीच्या वर्गावर सरावाला गेली. वाचनात मागे पडलेली पोरं तिच्या गळ्यात पडली.

कॉलेजच्या बाईंनी तिचा एक पाठ नापास केला होता. आता त्या परत, वर्गात बसून तिचं शिकवणं बघायला येणार होत्या. यातही आपटली तर वर्ष गेलं, आणि दादा तर टपूनच होता, पुरे झालं शिक्षण, दुकानात बस म्हणायला. दिवसभर गल्ल्यामागच्या खुर्चीत. नुसत्या विचाराने ती उठून उभी राहायची.

म्हणून सगळे शिकाऊ करतात तेच तिनेही केलं. नदी ओलांडणाऱ्या शेळीचा धडा पोरांकडून आधीच घोटून घेतला.

त्या दिवशी बाई मागच्या बाकावर कशाबशा मावल्या. मागे पडलेल्यांतली शिंप्याची पोर उठली आणि घडाघडा सुटली. बाईंची मान डोलायला लागली. बाकांमधून येरझारा घालणारी भिंगरी पोरीशेजारी आली आणि थबकली. पोर पान उलटायचं विसरली होती. बोट अजून अलीकडच्या काठावर, तोंड मात्र केव्हाच पलीकडे. मागून बाईंना फक्त दोन वेण्या दिसत होत्या.

भिंगरी खिडकीपर्यंत गेली, फळ्याकडे आली, हातातला खडू मोडला. मग तिने पुस्तकावर हात ठेवला आणि पुढचा, न शिकवलेला धडा उघडला.

"हे वाच."

"ताई, हे तुम्ही शिकवलंच नाही."

"म्हणूनच."

पोरीचे डोळे भरले. "मला येत नाही."

भिंगरी वाकली. दोघींनी मिळून एक शब्द फोडला, मग दुसरा. दुसऱ्या ओळीवर तास संपला.

बाहेर बाईंनी विचारलं, छान चालला होता, मध्येच काय खूळ काढलंस?

"ती वाचत नव्हती, बाई. मीच घोटून घेतलं होतं."

"हे मला सांगितल्यावर मी पास कशी करू?"

"नका करू."

बाईंनी केलंही नाही. आता भिंगरी दुकानात बसते, म्हणजे बसवलेली असते. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की शटर अर्धं ओढते आणि तडक शाळेत पोचते. शिंप्याची पोर अडते, चिडते, पुस्तक मिटते, परत उघडते. संध्याकाळी दादा फैलावर घेतो. भिंगरी खाली मान घालून ऐकते, पायाचा अंगठा हलवत.