मंगळवार-शुक्रवारची गोळी

हिमायतनगरहून सकाळच्या गाडीनं आलेली महानंदा नांदेडच्या एआरटी सेंटरात, एचआयव्हीची औषधं मिळतात तिथं, बाकावर बसत होती, उठत होती, पुन्हा बसत होती. नवरा एचआयव्हीनं गेला तेव्हा हिचंही रक्त तपासलं होतं. तेव्हापासून रोज रात्री जेवल्यावर गोळी, आणि माहूरच्या रेणुकाआईला बोललेले मंगळवार-शुक्रवारचे उपास. त्या दिवशी पाण्याशिवाय काही नाही. गोळीही नाही, औषध पोटात गेलं की उपास मोडला, असं घरात मानत. एवढी वर्षं साधा तापही आला नव्हता. सासू यशोदाबाई गावभर सांगत, सुनेला आईनं राखली. यंदा मात्र अंग उतरत चाललं, म्हणून रक्त पुन्हा तपासायला गेलं होतं.

समुपदेशक हुमा मॅडमनी आत बोलावलं. "ही गोळी आता तुम्हाला लागू पडत नाही, महानंदाबाई."

"रोज घेते की."

"रोज?"

महानंदानं पदराचं टोक पिळलं. "उपास सोडून."

हुमा रागावली नाही. "रोजे मीही ठेवते. रोजे-उपास करणारे पेशंट विचारायला येतात, त्यांना गोळी बुडणार नाही अशी वेळ जुळवून देते. तुम्ही विचारलंच नाही." मग ती सावकाश सांगू लागली. "विषाणू स्वतःच्या नकला काढतो. घाईत चुका होतात. गोळी अंगात पुरेशी असली की त्याला नकला काढता येत नाहीत. गोळीचा खाडा केला की तो उठतो. त्यात एखादी चुकलेली नक्कल अशी निघते, की गोळीचं तिच्यावर काही चालत नाही. मग गोळी पुन्हा घेतली की बाकीचे विषाणू मरतात आणि तिचीच पिलावळ वाढते."

"सोयाबीनातल्या तणासारखं," महानंदा पुटपुटली. "फवारा पातळ मारला की जे वाचतं, त्याचंच बी पडतं. मंग पुढल्या साली कितीबी मारा, हालत न्हाई."

"हाव, तसंच. आता नव्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ, काहीतरी खाऊन. ह्याही अशाच गेल्या, तर पुढं फार औषधं उरत नाहीत."

परतीच्या गाडीत तिला खिडकीबाहेर बघवेना. पिशवी सारखी चाचपत होती. दुसऱ्याच दिवशी घट बसणार होते, आणि घरच्या रीतीनं नवरात्राचे नऊही दिवस नुसत्या पाण्यावरचा उपास.

सकाळी घटाला पहिली माळ चढवून झाली. महानंदानं वाटीत भगर घेतली तशा यशोदाबाई ताठ झाल्या.

"नऊ दिवस दम धर की. लेक गेला माझा. तुला आईनंच राखली ना?"

"आईनंच राखली, आत्याबाई. पर तिनं गोळी बी दिली व्हती. मीच बुडवली."

"आन् कोप झाला तर?"

"माझ्यावर व्हईल. तुम्ही कशाला भेता?"

"तुझ्यावरच व्हईल म्हणून भेते की गं, येडे."

महानंदानं वाटी खाली ठेवली. घटासमोर हात जोडले, काय मागावं ते सुचेना. तसेच दोन घास खाल्ले, गोळी जिभेवर ठेवली आणि पाणी प्याली.

यशोदाबाई तिच्याकडं पाठ करून देवीशी ओठातल्या ओठात बोलत राहिल्या. सुनेसाठी माफी मागत होत्या की आणखी काही, महानंदाला ऐकू आलं नाही. चुकू नये म्हणून संध्याकाळची गोळी तिनं पदराच्या गाठीत बांधली आणि गाठ पुन्हा पुन्हा तपासत बसली.